कियू चिन: सायगॉनची नायिका, परदेशातली आजी

 

आर्टिशियाला पायोनियर बुलेव्हार्डवर तुम्ही महिन्यातून एकदा तरी जात असालच. पोहे, तूरडाळ, ताजी मेथी घ्यायची आणि वेळ असेल तर उभ्याउभ्या पाणीपुरी खायची. तिथून गाडी थोडी पुढे काढली, की अर्ध्या तासाच्या आत आपण वेस्टमिन्स्टरच्या बोल्सा अ‍ॅव्हेन्यूवर पोहोचतो. पाट्यांची भाषा बदलते, दुकानातली गाणी बदलतात. हा आपल्या शेजारचा 'लिटल सायगॉन'. आपण तिथे फो खायला जातो, भाजी स्वस्त मिळते म्हणून जातो. पण ही माणसं कोण, कुठून आणि कशी आली, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

म्हणून आज मी तुम्हाला त्यांच्यातल्या एका अभिनेत्रीची गोष्ट सांगणार आहे. त्यांचं नाव कियू चिन. जन्म 1937 सालचा, हनोईचा. पडद्यावरची त्यांची कारकीर्द 1957 साली सुरू झाली, आणि 2024 साली त्या एका मोठ्या अमेरिकन मालिकेत दिसल्या. म्हणजे सदुसष्ट वर्षं! या वर्षांच्या मधोमध एक असा दिवस आला, की त्यांचा देश, त्यांचा प्रेक्षक आणि त्यांचे चित्रपट, सगळं एकदम हातातून गेलं. त्यानंतर त्यांनी काय केलं, आणि त्यांच्या माणसांनी त्यांच्यासाठी काय केलं, हे आज आपल्याला बघायचं आहे.

सुरुवात हनोईपासून करू. त्यांचं मूळ नाव न्गुयेन थी चिन. घर खाऊनपिऊन सुखी. पण दुसऱ्या महायुद्धात हनोईवर बॉम्बहल्ले झाले आणि त्यात त्यांची आई गेली. आईसोबत नुकताच जन्मलेला धाकटा भाऊही गेला. चिन तेव्हा पाच-सहा वर्षांच्या होत्या. पुढे वडिलांनीच मुलांना वाढवलं.

मग आलं 1954 साल. फ्रेंचांचा पराभव झाला, जिनिव्हाला करार झाला आणि व्हिएतनामचे सतराव्या अक्षांशावर दोन भाग पडले. उत्तरेत कम्युनिस्ट राजवट, दक्षिणेत दुसरं सरकार. ठरावीक मुदतीत इकडून तिकडे जायची मुभा होती. आठ ते दहा लाख माणसं उत्तर सोडून दक्षिणेला आली. त्यात ही सतरा वर्षांची मुलगी होती. वडील आणि भाऊ मात्र मागे उत्तरेतच राहिले. ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर ती सायगॉनला आली, आणि पुढे त्याच घरची सून झाली. सगळ्यांना वाटत होतं, ताटातूट थोड्या दिवसांची आहे. वडिलांची आणि तिची पुन्हा कधीच भेट झाली नाही.

आता सिनेमात त्या कशा आल्या, तो किस्सा ऐका. 1950च्या दशकात जोसेफ मॅन्किविझ हा हॉलिवूडचा मोठा दिग्दर्शक सायगॉनमध्ये आला होता. ग्रॅहम ग्रीनच्या 'द क्वाएट अमेरिकन' या कादंबरीवर तो चित्रपट काढत होता. त्याने या तरुण मुलीला पाहिलं आणि तिला नायिकेची भूमिका देऊ केली. पण घरच्या सुनेने सिनेमात काम करायचं? सासरहून परवानगी मिळाली नाही. चित्रपट 1958 साली आला, तेव्हा त्यातली व्हिएतनामी नायिका साकारली होती जॉर्जिया मॉल या इटालियन अभिनेत्रीने! त्या काळी हॉलिवूडमध्ये हे सर्रास चालायचं. गोष्ट आशियातली, पात्र आशियातलं आणि चेहरा युरोपातला.

पण तोवर या मुलीचं नाव सायगॉनच्या सिनेमावाल्यांपर्यंत पोहोचलं होतं. ह्वे शहरात थिएन मू नावाचं जुनं बौद्ध मंदिर आहे. त्या मंदिराच्या घंटेवरून नाव घेतलेला एक चित्रपट 1957 साली निघाला. त्यात भूमिका होती एका भिक्षुणीची. भिक्षुणीची भूमिका म्हटल्यावर घरचा विरोधही मावळला. चित्रपट चालला आणि न्गुयेन थी चिनची 'कियू चिन' झाली.

पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत त्या दक्षिण व्हिएतनामच्या सर्वांत मोठ्या नायिकांपैकी एक झाल्या. सायगॉनच्या टीव्हीवर त्या मुलाखतीचा कार्यक्रम करायच्या. परदेशी निर्मात्यांनाही त्या हव्या असायच्या. 1964 साली 'अ यँक इन व्हिएतनाम', 1965 साली बर्ट रेनॉल्ड्सबरोबर 'ऑपरेशन सी.आय.ए.'. आणि आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल, पण 1970 साली 'द इव्हिल विदिन' नावाचा एक इंग्रजी चित्रपट आला. दिग्दर्शक फिलिपिन्सचे लॅम्बर्टो आवेलाना. नायक कोण? आपले देव आनंद! सोबत झीनत अमान, आणि राजकन्येच्या भूमिकेत कियू चिन. 'हरे राम हरे कृष्ण' यायच्या आधीची ही गोष्ट. ज्यांच्या तरुणपणी देव आनंदची टोपी आणि मान डोलावणं म्हणजे सर्वस्व होतं, त्या आजी-आजोबांना आज जेवताना हे जरूर सांगा. त्यांच्या लाडक्या देवसाहेबांबरोबर सायगॉनची नायिका पडद्यावर झळकली होती.

1971 साली त्यांनी स्वतःच्या निर्मितीसंस्थेतर्फे एक युद्धपट काढला आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. नावाचा अर्थ साधारण 'चेहरा नसलेला प्रियकर' असा. म्हणजे नुसती नायिका नाही, तर पैसा उभा करणारी, माणसं जमवणारी निर्माती. वय चौतीस. घरात तीन मुलं. दारात चाहते. कारकीर्द ऐन भरात.

आणि मग आला एप्रिल 1975.

उत्तरेचं सैन्य सायगॉनकडे सरकत होतं. कियू चिन त्या वेळी चित्रीकरणासाठी सिंगापूरला होत्या. लोक सायगॉनमधून बाहेर पडायला धडपडत होते, आणि या बाई सिंगापूरहून उलट सायगॉनला परत आल्या. आपलं घर तिथे आहे, या एकाच कारणासाठी. पण काही दिवसांतच त्यांना कळून चुकलं, की इथे राहणं शक्य नाही. जाणाऱ्या विमानात कशीबशी जागा मिळवून त्या पुन्हा सिंगापूरला पोहोचल्या. तिथे त्यांना अडवलं गेलं, काही काळ कोठडीत ठेवलं. कारण? त्यांच्या हातातला पासपोर्ट अशा सरकारचा होता, जे कोसळत होतं.

मंडळी, पासपोर्ट हा विषय आपल्या किती जिव्हाळ्याचा! व्हिसाचा शिक्का, आय-94, ग्रीन कार्डची रांग, यावर आपल्या घराघरात रात्री बोलणं चालतं. पण आपला पासपोर्ट ज्या देशाचा आहे, तो देश जागेवर आहे. कठीण प्रसंग आला तर सॅन फ्रान्सिस्कोला आपला वाणिज्य दूतावास आहे. विमानतळावरच्या त्या बाईंच्या मागे कोणीच उरलं नव्हतं.

त्यांची मुलं तेव्हा कॅनडात टोरांटोला होती. विमानं बदलत, एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर असं करत त्या टोरांटोला पोहोचल्या. 30 एप्रिल 1975 रोजी सायगॉन पडलं. कॅनडात आलेल्या अगदी पहिल्या व्हिएतनामी निर्वासितांमध्ये त्यांची गणना होते.

पुढे काय? सायगॉनच्या या नायिकेला टोरांटोत पहिलं काम मिळालं ते कोंबड्यांच्या फार्मवर, खुराडी साफ करण्याचं. वय सदतीस. इथे त्यांना ओळखणारं कोणी नाही. त्यांचे चित्रपट ज्या भाषेत होते ती भाषा कळणारं कोणी नाही. आणि जिथे ते चित्रपट दाखवले जायचे, तिथे आता दुसरी राजवट होती.

त्यांनी हॉलिवूडमधल्या ओळखीच्या माणसांना फोन लावायला सुरुवात केली. उपयोगी पडल्या टिप्पी हेड्रन. हिचकॉकच्या 'द बर्ड्स' चित्रपटाची नायिका. दहाएक वर्षांपूर्वी त्या सायगॉनला आल्या होत्या, तेव्हाची ही ओळख. हेड्रनबाईंनी तिकीट पाठवलं, व्हिसासाठी खटपट केली आणि कियू चिनना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. एकदा झालेली ओळख कोणी अशी निभावते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इथे थोडं थांबून आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. त्या वर्षी सुमारे सव्वा लाख व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत आले. त्यातले हजारो आपल्या इथल्या कॅम्प पेंडलटनला तंबूंमध्ये राहिले. उत्तर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ 'होप व्हिलेज' नावाची एक छावणी होती. तिथल्या बायकांना इथे काय काम करता येईल, याचा विचार टिप्पी हेड्रन करत होत्या. त्या बायकांचं लक्ष गेलं हेड्रनबाईंच्या सुंदर रंगवलेल्या नखांकडे. हेड्रननी आपल्या मॅनिक्युअर करणारीला छावणीत नेलं आणि सुमारे वीस बायकांना शिकवायला लावलं. त्या बायका शिकल्या, परवाने मिळवले, आपल्या बहिणींना, मावश्यांना, वहिन्यांना शिकवलं. आज कॅलिफोर्नियाच्या नेल सलूनमध्ये आपल्याला बहुतेक ठिकाणी व्हिएतनामी बायका दिसतात, त्याचं एक मूळ त्या छावणीत आहे. पुढच्या वेळी तुम्ही त्या खुर्चीत बसाल, तेव्हा समोरच्या बाईंना नुसतं 'पिंक' किंवा 'रेड' सांगून फोनमध्ये डोकं घालू नका. नाव विचारा. गाव विचारा.

आता परत कियू चिनकडे. हॉलिवूडमध्ये त्यांना पहिलं लक्षात राहण्यासारखं काम मिळालं ते 1977 साली, 'मॅश' या मालिकेत. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची ही मालिका त्या काळी घराघरात बघितली जायची. 'इन लव्ह अँड वॉर' हा भाग अ‍ॅलन अल्डाने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला होता. त्यात कियू चिन झाल्या क्योंग सून. चांगल्या घरातली, शिकलेली कोरियन बाई. युद्धाने तिचं घरदार मोडलंय, तरी आसऱ्याला आलेल्या माणसांना ती सांभाळते आहे. अमेरिकन डॉक्टर तिच्या प्रेमात पडतो, पण ती आपल्या माणसांना घेऊन निघून जाते. हा भाग आजही बघायला मिळतो. त्यांचा चेहरा बघा. ही बाई नुसता अभिनय करत नाहीये, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. दोनच वर्षांपूर्वी त्यांचंही घर गेलं होतं.

पण एक गोष्ट नीट ऐका. पात्र कोरियन होतं, आणि त्या व्हिएतनामी. पुढची अनेक वर्षं हेच चाललं. 1986 साली डिस्नीचा 'द गर्ल हू स्पेल्ड फ्रीडम' आला. कंबोडियाहून आलेली निर्वासित मुलगी इंग्रजी शिकते आणि स्पेलिंग बीच्या स्पर्धेत पुढे जाते, अशी खऱ्या घटनेवरची गोष्ट. स्पेलिंग बी म्हटल्यावर आपल्या पालकांचे कान टवकारले असतील! त्या चित्रपटातही कियू चिन होत्या. 1987 साली 'हॅम्बर्गर हिल' या युद्धपटात छोटी भूमिका. अधूनमधून टीव्ही मालिकांचे भाग. कधी कोरियन, कधी चिनी, कधी कंबोडियन. काम देणाऱ्यांच्या दृष्टीने आशियातली बाई म्हणजे आशियातली बाई, बस.

यात अपमान आहे का? आहे. आपल्याही वाट्याला तो थोडाफार येतोच. तुम्ही 'हिंदू' बोलता का, असं विचारणारे शेजारी आपल्याला भेटलेले आहेत. पण कियू चिननी त्या कामांना नाही म्हटलं नाही. पोट होतं, मुलांची शिक्षणं होती. अभिनयाचं काम पुरेसं नसे, म्हणून इथे येणाऱ्या निर्वासितांना मदत करण्याचं कामही त्या करत राहिल्या. आणि प्रत्येक लहान भूमिकेत त्यांनी आपला जीव ओतला.

त्याचं फळ मिळालं 1993 साली. एमी टॅन यांच्या कादंबरीवरचा 'द जॉय लक क्लब' हा चित्रपट. दिग्दर्शक वेन वांग. अमेरिकेत आलेल्या चार चिनी आया आणि इथे वाढलेल्या त्यांच्या चार मुली. कियू चिनची भूमिका सूयुआन वू या आईची. जपानी सैन्य चाल करून येतंय. सूयुआन आपल्या जुळ्या तान्ह्या मुलींना हातगाडीत घालून पायी पळते आहे. गाडी मोडते. अंगात त्राण उरत नाही. आपण इथेच मेलो, तर मेलेल्या आईजवळच्या मुलींना कोणी उचलणार नाही, असं तिला वाटतं. म्हणून ती मुलींना झाडाखाली ठेवते, जवळचं सगळं किडूकमिडूक त्यांच्यापाशी ठेवते आणि निघून जाते.

आता हा प्रसंग करणारी बाई कोण होती, ते आठवा. लहानपणी बॉम्बहल्ल्यात आई गमावलेली. सतराव्या वर्षी वडील मागे राहिले, तो शेवटचा निरोप ठरला. सदतिसाव्या वर्षी देश गेला. पात्र चिनी होतं, पण मागे वळून बघणारे डोळे कियू चिनचे स्वतःचे होते. 2020 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे कायम जतन करायच्या चित्रपटांत, 'द जॉय लक क्लब'चा समावेश झाला. आणि आजच्या काळातल्या आशियाई माणसांची, बहुतेक सगळे आशियाई कलाकार असलेली हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओची पुढची फिल्म यायला 2018 साल उजाडलं. 'क्रेझी रिच एशियन्स'. मधे पंचवीस वर्षं!

1993 मध्येच आणखी एक गोष्ट घडली. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय गमावलेला अमेरिकन मरीन अधिकारी ल्युईस पुलर. त्याच्या आत्मचरित्राला आदल्याच वर्षी पुलित्झर मिळालं होतं. दुसरा पत्रकार टेरी अँडरसन. तोही व्हिएतनाममध्ये मरीन म्हणून होता, आणि पुढे लेबनॉनमध्ये जवळजवळ सात वर्षं ओलीस होता. आणि तिसऱ्या कियू चिन. या तिघांनी मिळून 'व्हिएतनाम चिल्ड्रन्स फंड' सुरू केला. कल्पना साधी होती. वॉशिंग्टनच्या काळ्या भिंतीवर युद्धात मेलेल्या 58,000 हून जास्त अमेरिकनांची नावं आहेत. तर व्हिएतनाममध्ये इतक्या शाळा बांधायच्या, की त्यात तेवढी मुलं शिकतील. एका नावामागे एक मूल.

पुलर पहिली शाळा बघायला राहिला नाही. 1994 साली त्याने आयुष्य संपवलं. पण 1995 साली क्वांग त्री प्रांतात डोंग हा इथे शाळा उभी राहिली.  नंतर अशा पन्नासच्या आसपास शाळा झाल्या.

त्याच 1995 साली कियू चिन एकेचाळीस वर्षांनी हनोईला गेल्या. भाऊ भेटला. वडील आधीच वारले होते. त्या परतीच्या प्रवासावर इथल्या लॉस एंजेलिसच्या वाहिनीने माहितीपट केला, त्याला एमी पुरस्कारही मिळाला. श्रोतेहो, ज्या देशाने आपल्याकडून सगळं घेतलं असं वाटण्याची पुरेपूर कारणं होती, त्या देशात जाऊन या बाईंनी मुलांसाठी शाळा बांधल्या. सगळ्यांना हे पटलं असेल असं नाही. लिटल सायगॉनमध्ये आजही दक्षिण व्हिएतनामचा जुना पिवळा झेंडा फडकतो, आणि आत्ताच्या सरकारशी कुठलाही संबंध नको म्हणणारी माणसं तिथे पुष्कळ आहेत. त्यांच्याही जखमा खऱ्या आहेत. पण बाईंचा हिशेब मुलांपुरता होता.

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येते.

1977 नंतर बरीच वर्षं कियू चिननी दुसऱ्यांनी लिहिलेल्या, अनेकदा दुसऱ्या देशांच्या बायका साकारल्या. मग त्यांच्या स्वतःच्या माणसांची, 1975 नंतर जे झालं त्याची गोष्ट कोणी सांगितली? ती सांगितली पुढच्या पिढीने. 1999 साली 'कॅटफिश इन ब्लॅक बीन सॉस' आला. दिग्दर्शक ची म्वोई लो, स्वतः व्हिएतनामहून लहानपणी आलेला. गोष्ट अशी, की दोन व्हिएतनामी भावंडांना एका कृष्णवर्णीय अमेरिकन जोडप्याने वाढवलंय, आणि कित्येक वर्षांनी त्यांची जन्मदाती आई येते. ती आई कियू चिन.

आणि 2006 साली आला 'जर्नी फ्रॉम द फॉल'. दिग्दर्शक हॅम ट्रॅन, यूसीएलएला चित्रपटाचं शिक्षण घेतलेला तरुण. सायगॉन पडल्यावर नवरा छावणीत डांबला जातो, आणि बायको, मुलगा आणि आजी होडीतून समुद्रात निघतात. शेवटी पोहोचतात कुठे? आपल्या शेजारी, ऑरेंज काउंटीत. चित्रपट व्हिएतनामी भाषेत. पैसे कोणी दिले? कुठल्याही स्टुडिओने नाही. इथल्या व्हिएतनामी समाजाने आपापसात पैसे जमवले. आपण गणपतीसाठी वर्गणी काढतो ना, तसंच म्हणा. तो चित्रपट सनडान्स महोत्सवापर्यंत पोहोचला. त्यातल्या आजीची भूमिका अर्थातच कियू चिनची. व्हिएतनामी भाषेत वडिलांच्या आईला 'बा नोय' म्हणतात आणि आईच्या आईला 'बा न्गवाय'. ही बा नोय नातवाला कडेकडेने सांभाळत समुद्र ओलांडते आणि नव्या देशात त्याला आपली भाषा विसरू देत नाही.

वयाच्या सत्तरीकडे झुकताना एका मोठ्या अभिनेत्रीला तिच्या स्वतःच्या भाषेत, तिच्या स्वतःच्या आयुष्याची भूमिका मिळाली. ती मिळाली, कारण जी मुलं होडीतून आली किंवा इथे जन्मली, त्यांनी मोठेपणी आपल्या आजीची गोष्ट लिहिण्यासारखी आहे असं ठरवलं.

आता एक सरळ प्रश्न विचारते. आपल्या घरी काय स्थिती आहे?

आपण निर्वासित नाही. आपण नोकरीसाठी, शिक्षणासाठी, आपल्या मर्जीने आलो. परतीचं तिकीट काढता येतं, आणि बहुतेक दिवाळीच्या सुमारास आपण किंमती बघतोच. त्यामुळे कियू चिनच्या दुःखाशी आपल्या दुःखाची बरोबरी करू नये. पण आपल्यातही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारी माणसं आहेत. 2015 च्या आधी एच-4 व्हिसावर आलेल्या कितीतरी बायका आपल्यात आहेत. तिकडे कोणी कॉलेजात शिकवत होती, कोणी दंतवैद्य होती, कोणी आकाशवाणीवर बातम्या वाचत होती. इथे त्यांना वर्षानुवर्षं नोकरीची परवानगीच नव्हती. मुलांनी त्यांना फक्त डबा भरताना आणि गाडी चालवताना बघितलंय. आणि इकडे मुलांकडे येऊन राहिलेले आजी-आजोबा! तिकडे ज्यांच्या एका सहीवर कामं अडायची, ते इथे नातवाला बसस्टॉपवर सोडून येतात आणि घरी वरण-भात लावतात. या भूमिका छोट्या दिसतात. त्या करणारी माणसं छोटी नाहीत.

आपल्या मुलांना हे माहीत आहे का? दोष त्यांचा नाही. आपणच सांगत नाही. आणि सांगितलं तरी इंग्रजीत दोन वाक्यांत उरकतो. व्हिएतनामी मुलांनी आजीची गोष्ट आजीच्या भाषेत केली, कारण ती भाषा त्यांच्या कानावर होती. आपल्या मराठी शाळांमध्ये मुलं बाराखडी शिकतात, हे उत्तमच. पण भाषेला काही काम द्यायला हवं. आजोबांची गोष्ट मिळवणं हे ते काम होऊ शकतं.

तर या आठवड्यात एक करून बघा. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलाला किंवा मुलीला फोनवरचं रेकॉर्डिंग चालू करायला सांगा. आजी, आजोबा, आई, जे कोणी असेल त्यांना तीन प्रश्न विचारायचे, मराठीत. तू तिकडे काय काम करायचीस? ते सोडताना तुला काय वाटलं? आणि इथे आल्यावर पहिलं काम कोणतं केलंस? मधे बोलायचं नाही. मराठी अडखळत असली तरी चालेल. आजी सांभाळून घेते.

आणि चित्रपट बघायचे असतील, तर सगळ्यांनी मिळून 'मॅश'चा तो भाग बघा. 'द जॉय लक क्लब' आणि 'जर्नी फ्रॉम द फॉल' मोठ्या मुलांबरोबर बघा. त्यात युद्ध आहे, छळ आहे, लहानांना झेपणार नाही. व्हिएट थान्ह न्गुयेन यांच्या पुलित्झर मिळालेल्या कादंबरीवरची 'द सिम्पथायझर' ही 2024 ची मालिका तर फक्त मोठ्यांसाठीच. तिच्यात रॉबर्ट डाउनी ज्युनियर आहेत, पण कितीतरी संवाद व्हिएतनामीत आहेत आणि मुख्य भूमिकांत व्हिएतनामी कलाकार आहेत. आणि एका सैनिकी अधिकाऱ्याच्या म्हाताऱ्या आईच्या भूमिकेत शहाऐंशी वर्षांच्या कियू चिन आहेत. 1958 साली हॉलिवूडला व्हिएतनामी नायिका इटलीहून आणावी लागली होती. तिथून इथवर यायला सहासष्ट वर्षं लागली, आणि त्या सगळ्या वाटेवर या बाई उभ्या होत्या.

2021 साली त्यांनी आपलं आत्मचरित्र प्रकाशित केलं, व्हिएतनामी भाषेत. त्याच्या नावाचा अर्थ 'देशाबाहेर काढलेला कलावंत' असा होतो. इतकी वर्षं इंग्रजीत काम केलं, पण स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा त्या आपल्या भाषेकडे गेल्या.

मंडळी, तुमच्या घरातलं ते रेकॉर्डिंग जमलं, तर आपल्या कार्यक्रमाकडे जरूर पाठवा. पाच मिनिटांचं असलं तरी पुरे. ज्यांची परवानगी असेल, त्यांच्या आवाजातले काही भाग आपण पुढच्या महिन्यात इथेच ऐकवू. आजीचं मराठी आणि नातवाचं मराठी, दोन्ही जसं असेल तसं.

पुढच्या रविवारी याच वेळी पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.